‘कंदील’चा आठवा भाग

५ मार्च, मंगळवार

मास्तरीणबाई म्हणतात, रोज चार ओळी दैनंदिनी लिहा, भाषा सुधारते. अर्थात जपानीत. जपानीत मला ‘आज हवा चांगली होती, मी बसने गेले, दुपारी झोपले’ एवढंच धड येतं. आजचं त्यात बसत नाही, म्हणून मराठीत लिहिते. वही मात्र चित्राक्षरं गिरवायचीच आहे, चौकोन आखलेली. एकेका चौकोनात मराठी अक्षर कोंबायचं म्हणजे शिक्षाच आहे.

आज बारक्याला न्यूरोच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आई बाहेर बाकावर बसली, काही केल्या आत येईना. डॉक्टर चांगले आहेत, आडपडदा ठेवत नाहीत. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्यात, म्हणाले. बरं करणारं औषध नाही, वेग थोडा कमी करणारं आहे. आधी उजवा हात, मग डावा, मग बाकीचं. बाकीच्यात बोलणंही आलं. बारक्याने एवढंच विचारलं, “हात किती दिवस?” डॉक्टर म्हणाले, “या वर्षात बरंचसं बळ जाईल.” बरंचसं म्हणजे सगळं नव्हे. बाहेर येऊन मी आईला तसंच सांगितलं.

माझा भाऊ चौतीस वर्षांचा आहे. दुकानांच्या पाट्या रंगवतो. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या हातून ब्रश पडायला लागला, तेव्हा मी त्याला धांदरट म्हणाले होते.

बसमध्ये खिडकीशी बसून तो म्हणाला, “तायडे, आता आठवा लावूया.” मी म्हणाले, परीक्षा होऊ दे.

१० मार्च, रविवार

क्लासहून आईकडे गेले. मी दोन थांबे अलीकडे एका खोलीत राहते, आई आणि बारक्या जुन्या घरी. पूर्वी रविवार ‘कंदील’चा असायचा, आता क्लासचा असतो.

‘कंदील’ हे एका व्हिडिओ गेमचं आमच्या घरातलं नाव. एक मुका माणूस हातात कंदील घेऊन बेटाबेटांवर जातो आणि विझलेले दिवे लावतो. वाटेत भुतंखेतं, किडेमकोडे, खड्डे. मी दहा वर्षांची आणि बारक्या सहाचा असताना पहिला भाग घरात आला. त्याला वाचता येत नव्हतं, मला खेळता येत नव्हतं. दर उडीला मी खड्ड्यात. म्हणून कंट्रोलर त्याच्या हातात आणि वाचन माझ्याकडे. पडद्यावरचं इंग्रजी मी तोंडातल्या तोंडात जुळवून मराठीत सांगायची, राजाचा आवाज जाड, म्हातारीचा चिरका. पुढे त्याला वाचता यायला लागलं तरी वाचायची मीच. आणि नियम एकच होता, एकट्याने पुढे जायचं नाही. माझ्या परीक्षा असोत, त्याची कावीळ असो, बाबा गेले ते वर्ष असो, दुसरा येईपर्यंत कंदीलवाला धर्मशाळेत झोपून राहायचा. सात भाग असे पार पडले.

आठवा भाग काढला आणि कंपनी बुडाली. इंग्रजी आवृत्ती निघालीच नाही, आहे तो जपानी. दोन वर्षांपूर्वी मी तो मागवून घेतला आणि आईच्या कपाटात वरच्या खणात ठेवला. वेष्टनसुद्धा काढलं नाही. डब्याची मागची बाजू पाहिली नाही, उगाच गोष्ट फुटायची. त्याच महिन्यात क्लास लावला. या परीक्षेला पाच पायऱ्या असतात, पाचवी सगळ्यात सोपी. एन-फाइव्ह झाली, गेल्या डिसेंबरात एन-फोरही झाली. चाहत्यांच्या गटात ‘काजळी’ या नावाने लिहिणारा एक जुना जाणकार आहे, सातही भाग तोंडपाठ असलेला. त्याचं म्हणणं, एन-थ्री झाल्याशिवाय आठव्याला हात लावू नये, अर्धाअधिक निसटेल. एन-थ्री मी या डिसेंबरात देणार.

बारक्याला हे सांगितलं तर म्हणाला, “डिसेंबर लांब आहे गं.”

“दोन वर्षं थांबलास ना? मग नऊ महिने काय जड आहेत?”

चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

१४ एप्रिल, रविवार

जुलैच्या परीक्षेचे अर्ज सुटलेत. मास्तरीणबाई म्हणाल्या, बसून तर बघा, गेली तर डिसेंबर आहेच. मला हे बसून बघणं मानवत नाही. आमच्या दुकानात चष्म्याची काच बसवतो तेव्हा भिंगाचा मध्य आणि डोळ्याची बाहुली एका रेषेत यावी लागतात. दोन मिलिमीटर सरकलं तर गिऱ्हाईक आठ दिवस डोकं धरून बसतं आणि दोष स्वतःच्या डोळ्यांना देतं. चुकीची काच बसवण्यापेक्षा न बसवलेली बरी. मी डिसेंबरलाच बसेन, पूर्ण तयारीने.

हे सगळं बारक्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “तायडे, मी गिऱ्हाईक नाहीये.” त्याला सगळ्याचीच थट्टा सुचते.

६ मे, सोमवार

बारक्याने आज शेवटची पाटी रंगवली, एका केस कापणाऱ्याची. अक्षरं उजवीकडे उतरत गेलीत. केस कापणारा भला माणूस, म्हणाला, राहू द्या, लोक मान वाकडी करून वाचतील, मला मान तशीच लागते. बारक्या घरी येऊन हे सांगताना पोट धरून हसला. मग ब्रश धुवायला न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आईने दार वाजवलं तर आतून ओरडला, “अगं, रंग सुटत नाहीये.”

आज बावीस नवी चित्राक्षरं केली. ‘थांबणे’ आणि ‘धरणे’ ही दोन इतकी सारखी दिसतात की डोकं फिरतं.

१६ जून, रविवार

गटात आज खळबळ. काजळी आणि अजून तिघांनी मिळून आठव्या भागाचं कच्चं इंग्रजी भाषांतर टाकलंय. बारक्याने फोन माझ्यापुढे धरला, “हे बघ. आता तर अडचण नाही ना?” मी पहिलं पान वाचलं. गोष्ट कळू नये म्हणून लगेच बंद केलं, पण तेवढ्यावरूनही कळलं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी नोटिशीची भाषा. लिहिलंय, ‘सदर दिवा मृत झालेला आहे.’

“चालेल की,” बारक्या म्हणाला. “मेला तर मेला. दिवाच आहे.”

मी नाही म्हणाले. सात भाग मी त्याला असे वाचून दाखवलेत की त्याला राजाची खोकल्याची लकबसुद्धा आठवते. शेवटचाच भाग कुणाच्या तरी उष्ट्या भाषेत? आणि हा शेवटचा आहे. पुन्हा मिळणार नाही. असं म्हणताना मी खेळाबद्दलच म्हणत होते. बारक्या म्हणाला, “तेच तर म्हणतोय मी.”

२८ जुलै, रविवार

भांडण झालं. आमच्यात भांडण झालं की आई भांडी घासायला घेते, घासलेलीच पुन्हा.

बारक्या म्हणाला, “तू वाचू नकोस. नुसती शेजारी बस. मी खेळतो आणि काय चाललंय तेही मीच सांगतो.”

“तुला काय कळणार काय चाललंय?”

“काहीच नाही. मजा तीच आहे.”

मी म्हणाले, अठ्ठावीस वर्षांच्या गोष्टीचा शेवट असा आंधळ्या कोशिंबिरीसारखा करायचा असेल तर मी दोन वर्षं झोप कशासाठी मोडली? म्हणाले, तुला नेहमीच सगळं आत्ता हवं असतं. म्हणाले, चार महिने कळ काढ, जगबुडी होत नाही. आवाज चढला होता माझा, हे कबूल.

तो थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसला. उजव्या हाताची तर्जनी आता सरळ होत नाही. मग म्हणाला, “बरं.”

पटलं एकदाचं. निघताना जरा वाईट वाटलं, पण दोघांपैकी एकाने तरी धीर धरायला हवा.

११ ऑगस्ट, रविवार

पंधरा दिवसांत बारक्याने आठव्या भागाचं नावही काढलेलं नाही. शहाणा झालाय. आईसुद्धा बदलली. पूर्वी क्लासवरून तोंड वेंगाडायची, आता स्वतःच म्हणते, “तू जा बाई शिकायला, एक रविवार चुकवू नकोस. आणि क्लासहून धावत येऊ नकोस, जरा दम खा, दुपारी चारनंतर ये. आमचं आम्ही बघतो.” माझ्या मेहनतीची घरात किंमत झाली हे पाहून बरं वाटलं.

चारला गेले तर दोघंही दमलेले, पडदे ओढलेले. म्हणे झोप लागली होती.

२५ ऑगस्ट, रविवार

कपाटातून आईची औषधं काढताना आठव्या भागाचा डबा हाताला लागला. वेष्टन खालून सैल झालंय. त्या कपाटाला ओल आहे, मी किती वर्षं सांगते. डबा दोन खण खाली, कोरड्या जागी ठेवला. बारक्या म्हणाला, “नको, वरच राहू दे, आईला वाकावं लागत नाही.” आईच्या वाकण्याशी काय संबंध, देव जाणे.

आई हल्ली काहीतरी गुणगुणत असते. कुठलं गाणं म्हणून विचारलं तर म्हणाली, कुठलं नाही, असंच डोक्यात बसलंय.

१० सप्टेंबर, मंगळवार

व्यायाम करून घेणाऱ्या बाई घरी येतात, त्या आज चकित झाल्या. बाकीची बोटं अपेक्षेप्रमाणे निकामी होत चाललीत पण अंगठे टिकून आहेत, म्हणाल्या. “काय करता हो अंगठ्यांना?” आई चटकन म्हणाली, “तो चेंडू दाबतो ना.” मी चेंडू शोधला तर कॉटखाली धूळ खात होता. पण होईल ते चांगलंच होतंय, उगाच उलटतपासणी कशाला घ्या.

वाचनाचा सराव पेपर : साठापैकी चव्वेचाळीस. ऐकण्याचा : एकवीस. ऐकणं मला कंटाळवाणं होतं. कुणीतरी बोलत असतं आणि मी मनात आधीच उत्तर तयार करत असते.

२२ सप्टेंबर, रविवार

आईचं वय झालं. आज बारक्याला भरवताना म्हणाली, “आ कर मोठा, त्या तीन डोक्यांच्या कासवासारखा.” मी म्हणाले, आई, कासवाला दोनच डोकी होती आणि ते पाचव्या भागात. बारक्याला इतकं हसू फुटलं की ठसका लागला. आई गडबडून म्हणाली, दोन तर दोन, मला काय कळतंय त्यातलं.

तिचा उजवा अंगठा सुजलाय. म्हणे धुणं पिळून. यंत्र असताना ही हाताने का पिळते?

२० ऑक्टोबर, रविवार

आज क्लास लवकर सुटला म्हणून तीनलाच पोचले. दार लगेच उघडलं नाही. आत गेले तर आईचे डोळे लाल, बारक्याचेही. विचारलं तर आई म्हणाली, कांदा चिरत होते. स्वयंपाकघरात कांदा दिसला नाही, पण मी खोलात शिरले नाही. माणसाला रडायला निमित्त लागतं, ते मी मोडून कशाला काढू? बारक्याचं डोकं आईच्या खांद्यावर होतं आणि हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखे.

मी त्याला म्हणाले, “फक्त सहा आठवडे राहिले रे.” तो म्हणाला, “हो तायडे. छान अभ्यास कर.” ‘छान’मधला छ नीट उमटला नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

बारक्याचं बोलणं मला आता तीनदा विचारावं लागतं. आईला एकदाच पुरतं. मी दमून येते, कान जड झालेले असतात. आज चुकून म्हणाले, “नीट बोल ना.” तो नीट बोलायचा प्रयत्न करायला लागला. एकेक अक्षर, कपाळावर घाम. “क. धी. आ. लीस.” एवढंच विचारायचं होतं त्याला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी म्हणाले. पण शब्द गेला तो गेला.

हात आता चालत नाहीत. एकही बोट नाही. खेळायचं मलाच लागणार, त्याने नुसतं सांगायचं. असो, तसं करू. वाचायला तरी मी तयार असेन.

१ डिसेंबर, रविवार

झाली परीक्षा. प्रवेशपत्र, दोन पेन्सिली, खोडरबर, घड्याळ. माझ्या बाकाशेजारी शाळकरी पोरंपोरी, मी सगळ्यांची मावशी. शब्द आणि व्याकरण चांगलं गेलं. वाचनात वेळ उरला. मग ऐकण्याचा पेपर. ध्वनिफीत एकदाच वाजते, मागे नेता येत नाही. एक बाई नवऱ्याला विचारते, तू आज कधी आलास. एवढं ऐकलं आणि मला बारक्याचा घामेजलेला चेहरा दिसला. त्यानंतरचे चार प्रश्न कुठे गेले कळलं नाही. अंदाजाने गोल काळे केले.

संध्याकाळी गेले. बारक्याने डोळे मोठे करून विचारलं, कसा गेला? मी म्हणाले, मस्त. निकाल जानेवारीच्या शेवटी. तोवर थांबलोय तर थांबूया, कळलं तर पाहिजे मी लायक आहे की नाही. आई उठून आत गेली.

२९ डिसेंबर, रविवार

बारक्याचं बोलणं संपलं. एका दिवशी संपलं असं नाही, पण आज आम्ही तिघांनीही ते धरून चालणं सोडलं. मी दुकानातून जाड पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा कापून आणला आणि त्यावर मुळाक्षरं कोरली, ओळींना आकडे दिले. आपण पत्र्याच्या पलीकडून त्याच्या डोळ्यांकडे बघायचं. तो आधी ओळ बघतो, मग अक्षर. बरोबर असेल तर पापणी मिटतो. मी काम चोख केलंय, अक्षरं एकसारखी. त्याने पहिलं वाक्य केलं : ‘छ तिरका आलाय.’ पाट्या रंगवणारा तो, त्याला दिसणारच.

मी घरी येऊन खूप रडले. इथे लिहून ठेवते, कारण उद्या म्हणेन की रडले नाही.

२२ जानेवारी, बुधवार

निकाल. शब्द-व्याकरण सत्तेचाळीस, वाचन एक्केचाळीस, ऐकणं सोळा. एकूण एकशे चार. उत्तीर्ण व्हायला पंचाण्णव पुरतात. पण प्रत्येक विभागात एकोणीस लागतात, नाहीतर सगळं मुसळ केरात. नापास.

दुकानातून तशीच आईकडे गेले. बारक्याला आकडे वाचून दाखवले. त्याने डोळ्यांनी पत्रा मागितला. एकेक अक्षर जुळवत गेलं : ‘ऐकण्यात नापास. आईला विचार. जुनंच आहे.’ आई आधी हसली, मग मी. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत हसणं झालं.

मी डोळे पुसत म्हणाले, “ठीक आहे. जुलैला परत बसते. मग मात्र—”

“पुरे,” आई म्हणाली.

आईने मला जन्मात कधी पुरे म्हटलेलं नाही. बारक्याने दोन अक्षरं केली : ‘लाव.’

२६ जानेवारी, रविवार

क्लासला गेले नाही. सकाळीच आईकडे. बारक्याला खुर्चीत उशा लावून टीव्हीसमोर बसवलं. डबा काढला तर वेष्टन खालून कात्रीने सरळ कापलेलं. आत काहीच नव्हतं. मी आईकडे पाहिलं. आई खाली बघत होती. मी टीव्हीला जोडलेलं खेळाचं यंत्र सुरू केलं, तर आठवा भाग त्यातच होता.

जिथे आपला खेळ राखून ठेवतात तिथे तीन जागा असतात. पहिली भरलेली. एकसष्ट तास. आठही दिवे लागलेले. शेवटची तारीख वीस ऑक्टोबर. मी सगळा वेळ हीच वही लिहीत होते आणि या वहीत वीस ऑक्टोबरला लिहिलंय, कांदा.

आई म्हणाली, “ऑगस्टपासून. रविवारी, तू क्लासला गेलीस की. मी नुसती शेजारी बसायचे. शेवटी शेवटी त्याचा उजवा अंगठा चालेना, तेव्हा ते लाल बटण मी दाबायचे. तो म्हणायचा, आई, आता. की मी दाबायचे.”

मला राग आला. खरं तेच लिहिते, दुःख नंतर आलं, आधी राग आला. मी बारक्याला म्हणाले, “नियम मोडलास तू. एकच नियम होता.” चालू न शकणाऱ्या, बोलू न शकणाऱ्या माणसापुढे उभं राहून मी हे म्हणाले. त्याने पत्र्याकडे पाहिलं. मी पत्रा धरायला तयार नव्हते, आईने धरला. आईने एकेक अक्षर मोठ्याने म्हटलं आणि शेवटी सगळं एकत्र वाचलं : “हात जात होते.”

मी पायऱ्यांवर जाऊन बसले. मार्च, एप्रिल, जून, जुलै. प्रत्येक वेळी त्याने विचारलं होतं आणि प्रत्येक वेळचं माझं उत्तर इथे चौकोनांत सुवाच्य अक्षरात आहे. घरी न जाता परत आत गेले. त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून माफी मागितली. त्याने पापणी मिटली. एवढंच.

मग मी आईला विचारलं, “पण तुम्हाला कळायचं काय? दोघांनाही जपानीचा गंध नाही.”

“कळायचं काहीच नाही,” आई म्हणाली. “हा सांगायचा ना सगळं. मनानेच. तेव्हा बोलत होता की. आवाज काढायचा, राजाचा जाड, म्हातारीचा चिरका. मी म्हटलं, हे काय रे, तर म्हणाला, ताई असंच करते.”

२ फेब्रुवारी, रविवार

दुसऱ्या जागेवर नवा खेळ सुरू केला. ठरलंय असं : खेळायचं मी, पडद्यावर लिहिलंय ते मी वाचायचं, आणि मग बारक्याने ऑक्टोबरपर्यंत काय सांगितलं होतं ते आईने सांगायचं. आईची आठवण इतकी पक्की असेल असं वाटलं नव्हतं. तिचं वय झालं म्हणाले होते मी.

मी पहिल्याच खड्ड्यात सात वेळा पडले. बारक्याच्या छातीतून घुर्र असा आवाज येत होता. घाबरून बघितलं तर हसत होता. डोळ्यांनी उजवीकडे, वर, थांब, आता, असं करत त्याने मला पार नेलं. माझा अंगठा दुखायला लागला तेव्हा आईने तिचं मलम आणून दिलं.

राजाचं भाषण आलं. मी वाचलं, थोडं अडखळत, दोन शब्द शब्दकोशात पाहावे लागले. राजा दिव्यांचं महत्त्व सांगतो, प्रजेला धीर देतो. आई म्हणाली, “याच्या गोष्टीत राजाला मूळव्याध होती, म्हणून तो सिंहासनावर तिरका बसतो.” पाहिलं तर राजा खरंच तिरका बसला होता. मी लिहून घेतलं. यापुढे आई सांगेल ते सगळं लिहून घेणार आहे, एकसष्ट तासांचं, जेवढं तिला आठवेल तेवढं. त्याचा आवाज आता तेवढाच मिळणार आहे.

मग बंदर आलं. धक्क्यावर एक होडीवाला उभा, डोक्यावर टोपी, हातात वल्हं.

“आणि याच्या तोंडी बारक्या काय घालायचा?” मी विचारलं.

आई खुदकन हसली. “हा? हा मेला प्रत्येक बंदरावर भेटतो. कंदीलवाला घाईघाईने येतो, म्हणतो, चल बाबा, सोड होडी. तर हा मान ताठ करून म्हणतो, अजून तयारी पूर्ण नाही. डिसेंबरनंतर या.” हे म्हणताना तिने जो आवाज काढला, तो माझा होता. तिलाही ते कळलं.

बारक्या माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, “छान जमलंय रे.” त्याने पत्रा मागितला. मी धरला. ‘खरं काय म्हणतो?’

मी पडद्याकडे वळले. वाक्य छोटं होतं. अवघड अक्षरांच्या डोक्यावर लहान मुलांसाठी देतात तसे उच्चार दिलेले. शब्दकोश लागला नाही, थांबावंही लागलं नाही. मी मोठ्याने वाचलं, “होडी तयार आहे. निघायचं का?” खाली दोन पर्याय होते, हो आणि नाही. हे मला गेल्या मार्चमध्येच वाचता आलं असतं. तेव्हा त्याचे दोन्ही हात चालत होते.